चेंडू चालतो, पेला चालत नाही

(कोरपना येथे झालेल्या महिला मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



मला इथे मुलींच्या खेळाविषयी बोलायला सांगितलंय. समोर बचतगटातल्या बाया आहेत, अंगणवाडीताई आहेत, आशाताई आहेत, आणि उजवीकडे कबड्डीच्या पोरी बसल्या आहेत. त्यांच्या आया कुठे आहेत ते मला ओळखता येतंय, कारण त्यांचं अर्धं लक्ष घड्याळाकडे आहे. कापूस वेचणीचे दिवस आहेत. एक दिवस मेळाव्याला यायचं म्हणजे एका दिवसाची रोजी बुडते. म्हणून मी उगाच उपदेश करणार नाही. एक गोष्ट सांगते. ती खरी आहे. क्रिकेटची आहे, आणि तिच्यात खेळणारे सगळे पुरुष आहेत. तुम्ही म्हणाल, या बाईला बायकांच्या मेळाव्यात हेच सुचलं का? पण थोडं ऐकून घ्या. गोष्ट पुरुषांची असली तरी दुखणं आपल्या ओळखीचं आहे.

साल १९११. तेव्हा आपलं हे कोरपना निजामाच्या राज्यात होतं. पलीकडे चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, ते इंग्रजांच्या मध्य प्रांतात. गडचिरोली जिल्हा तर १९८२ साली झाला. त्या १९११ च्या मे महिन्यात मुंबईहून एक संघ बोटीने इंग्लंडला निघाला. त्याला नाव दिलं होतं अखिल भारतीय संघ. याआधी पारशांचे संघ इंग्लंडला जाऊन आले होते, पण सगळ्या धर्मांचे मिळून एका नावाने जाणं पहिल्यांदाच घडत होतं. हा संघ काही जनतेने निवडला नव्हता. मुंबईतले धनिक, संस्थानिक आणि इंग्रज साहेब यांनी एकत्र येऊन तो उभा केला. त्यात त्यांचा हेतूही होता. १९०९ साली मदनलाल धिंग्रांनी लंडनमध्ये कर्झन वायलीला गोळी घातली होती. हिंदुस्थानी माणूस म्हटलं की इंग्रजांच्या डोळ्यांसमोर बाँब आणि पिस्तूल येत होतं. तेव्हा आम्ही राजनिष्ठ आहोत, सभ्य आहोत, हे दाखवायला क्रिकेट बरं पडलं.

संघात सहा पारशी, पाच हिंदू आणि तीन मुसलमान. कप्तान पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, शीख, वय वर्षे एकोणीस. त्यांना कप्तान का केलं, हे मी सांगायला नको. आपल्या पंचायतीतसुद्धा बायकोच्या नावाची पाटी आणि खुर्चीत नवरा, हे आपण पाहतोच की! पैसा आणि घराणं ज्याचं, त्याची खुर्ची. महाराज थोडे सामने खेळले आणि बाकीच्या काळात मेजवान्या, दरबारी भेटीगाठी, यांत राहिले. त्याच जूनमध्ये लंडनला पाचव्या जॉर्जचा राज्याभिषेक होता. महाराज नसतील तेव्हा संघ दुसरे सांभाळत.

आता त्या पाच हिंदूंतल्या दोघांकडे बघा. पळवणकर बाळू आणि पळवणकर शिवराम. सख्खे भाऊ. समाज चर्मकार. त्या काळाच्या भाषेत अस्पृश्य. घराण्याचं मूळ गाव कोकणातलं पळवण. बाळूंचा जन्म धारवाडचा. वडील लष्करात नोकरीला, म्हणून ही भावंडं पुण्याला वाढली. साहेबांनी टाकलेल्या वस्तूंनी खेळायला शिकली. बाळू पोरगेला असताना आधी पारशांच्या क्लबात कामाला लागला. पगार महिना तीन रुपये. मग पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात चार रुपये. काम कोणतं? खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, रेघा आखायच्या, जाळ्या बांधायच्या. आपल्या पोरी मैदानावर चुन्याची फक्की टाकतात ना, तेच काम. आणि साहेब लोक सरावाला आले की त्यांना चेंडू टाकायचा.

तिथे ग्रेग नावाचा एक साहेब होता, मोठा फलंदाज. तो सगळ्यांच्या आधी मैदानावर यायचा आणि बाळूकडून तासन् तास गोलंदाजी करून घ्यायचा. बाळूने त्याला बाद केलं की आठ आणे द्यायचा, असं सांगतात. डावखुरी, संथ गोलंदाजी. चेंडू जमिनीवर पडून कुठे वळेल ते समोरच्याला कळायचं नाही. ग्रेगचा खेळ त्यामुळे सुधारला आणि बाळूचाही हात तयार झाला. पण बाळूच्या हातात त्या क्लबाने बॅट कधी दिली नाही. चेंडू टाकणं हे मजुराचं काम आणि बॅट धरणं हे साहेबाचं. कामाची वाटणी अशी असते बघा. घाम लागतो ते काम खालच्याकडे आणि टाळ्या मिळतात ते वरच्याकडे. निंदण बाईने करायचं, कापूस बाईने वेचायचा आणि गाडी घेऊन जिनिंगला गेला, भाव ठरवला, पैसे घेतले, तो शेतकरी! सातबारावर नाव त्याचं. आपली गोष्ट आहे म्हणाले ती इथून सुरू होते.

पुण्यात हिंदूंचाही क्लब होता. त्यांना गोऱ्यांना हरवायचं होतं. असा गोलंदाज गावात असताना त्याला घ्यावं की नाही, यावर वाद झाला. घ्यावा तर विटाळ, न घ्यावा तर हार. शेवटी घेतला. तो संघात आला आणि संघ जिंकू लागला. मैदानावर सगळे एकच चेंडू हातात घेत. बाळूच्या हातून यष्टिरक्षकाच्या हातात, तिथून दुसऱ्याच्या, तिथून परत बाळूच्या. चेंडूला विटाळ नव्हता. पण चहाची वेळ झाली की बाकीचे आत बसून चिनी मातीच्या कपातून चहा घेत आणि बाळूला बाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या पेल्यात. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलावर. तोंड धुवायला पाणी लागलं तर ते घालायला त्याच्याच समाजाचा माणूस.

न्यायमूर्ती रानडे यांनी त्या वेळी त्या मंडळींना सुनावलं की बरोबर खेळता तर बरोबर खाण्यापिण्याला काय हरकत आहे. एवढा साधा प्रश्न! पण साधाच प्रश्न विचारायला न्यायमूर्ती लागले.

पुढे पुण्यात प्लेग आला आणि बाळू मुंबईला गेले. तिथे हिंदू जिमखान्याकडून खेळले, रेल्वेत नोकरी केली. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी गोऱ्यांना १०९ धावांनी हरवलं. त्या विजयात बाळूंची गोलंदाजी मोठी होती. देशभर आनंद झाला. जिंकत गेले तसा जेवणाखाण्यातला विटाळ सैल झाला. सुधारकांनी त्याचं वर्तमानपत्रात कौतुक केलं. हे खरं आहे आणि चांगलंही आहे. फक्त त्यातली अट विसरू नका. जिंकून दिलं म्हणून पंगत. जो जिंकून देत नव्हता, जो त्याच समाजाचा होता पण ज्याला चेंडू वळवता येत नव्हता, त्याच्यासाठी त्या पंगतीत पाट नव्हता.

तर असे हे बाळू १९११ साली बोटीत चढले तेव्हा वयाच्या पस्तिशीत होते. गोलंदाजासाठी हे वय काही कोवळं नाही.

इंग्लंडात जूनपासून सामने सुरू झाले. ऑक्सफर्ड, मग लॉर्ड्‌स, मग एकेका परगण्याचा संघ. आणि आपला संघ हरायला लागला. एक हरला, दोन हरला, हरतच गेला. नवं हवामान, नव्या खेळपट्ट्या, कप्तानाचा पत्ता नाही, एकमेकांबरोबर खेळायची सवय नाही. एकत्र नाव दिलं म्हणून माणसं एकत्र होत नाहीत, त्याला वेळ लागतो. या सगळ्या पडझडीत रोज मैदानावर उतरून एक टोक धरून राहणारा माणूस बाळू. केंब्रिजविरुद्ध एका डावात त्यांनी आठ गडी बाद केले. तरी संघ हरला.

जुलैच्या मध्यावर लिस्टरशायरविरुद्ध पहिला मोठा विजय मिळाला, सात गडी राखून. बाळूंनी दोन डावांत मिळून ११ गडी घेतले. लागलीच सॉमरसेटविरुद्ध सामना झाला. तो शेवटच्या जोडीपर्यंत ताणला गेला आणि एक गडी राखून जिंकला. त्यात धाकट्या शिवरामने शतक केलं आणि शेवटपर्यंत बाद झाला नाही. म्हणजे इंग्लंडातल्या परगण्यांवरचे हे दोन विजय, एक मोठ्या भावाच्या चेंडूने आणि दुसरा धाकट्याच्या बॅटने. ज्या घराण्याला पुण्यात बॅट धरू दिली नव्हती, त्या घराण्यातल्या पोराची ती बॅट होती.

हंगाम संपला तेव्हा हिशेब असा होता. सामने २३. जिंकले ६, हरले १५, बरोबरीत सुटले २. आणि एकट्या बाळूंचे गडी ११४. एका गड्यामागे दिलेल्या धावा १९ सुद्धा नाहीत, १८.८४. पोरींनो, तुम्हाला क्रिकेट कळतं, तुम्ही आयांना समजावून सांगा की हरणाऱ्या संघात राहून हे करणं काय असतं. घरातले बाकीचे बसून असताना एकाच बाईने पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळं शेत काढावं, तसं ते आहे.

आता थोडं इंग्लंडकडे बघू. आपल्याकडचा भेदभाव सांगताना आपण नेहमी म्हणतो, तिकडे बरं असेल. तिकडेही दोन जाती होत्या. खेळून पैसे घेणारा तो व्यावसायिक, म्हणजे मजूर. आणि घरचा श्रीमंत, पैसे न घेता खेळणारा तो सभ्य गृहस्थ. दोघे एकाच संघात. पण कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या. कित्येक मैदानांवर आत येण्याची दारंसुद्धा वेगळी. धावफलकावर गृहस्थाचं नाव मानाने लिहायचं, मजुराचं नुसतं आडनाव. आणि कप्तान जवळपास नेहमी गृहस्थच व्हायचा, खेळ येवो न येवो. ही पद्धत १९६२ साली बंद झाली. चामड्याचा रंग, जात, पैसा, लिंग, नावं बदलतात, पण कप्तान कोण व्हायचा याचं उत्तर सगळीकडे आधीच ठरलेलं असतं.

त्याच उन्हाळ्यात, त्याच लंडनमध्ये आणखी एक गोष्ट घडत होती. १७ जून १९११ ला मतदानाचा हक्क मागणाऱ्या बायकांनी मोठा मोर्चा काढला. ४० हजारांच्या आसपास बाया रस्त्यावर होत्या. त्यात साड्या नेसलेल्या हिंदुस्थानी बायांचीही एक तुकडी होती. राजाच्या राज्याभिषेकाला पाच दिवस उरले होते आणि या बाया म्हणत होत्या, आम्हालाही मोजा. इंग्लंडमध्ये काही बायकांना मत मिळालं १९१८ साली आणि पुरुषांच्या बरोबरीने मिळालं १९२८ साली.

त्यानंतर ऑगस्टमध्ये लंडनच्या बरमंडसी भागात काय झालं ते ऐका. तिथे मुरंबे, बिस्किटं, लोणची यांचे कारखाने होते. आत भट्टीची उष्णता, बाहेर त्या वर्षीचा कडक उन्हाळा, आणि मजुरी पुरुषांच्या कितीतरी खाली. एका कारखान्यातल्या बाया काम टाकून बाहेर पडल्या. त्यांना बघून शेजारच्या कारखान्यातल्या निघाल्या. बघता बघता वीसेक कारखान्यांतल्या हजारो बाया रस्त्यावर. त्यांच्यात बहुतेकींची संघटना नव्हती, ती संपातून झाली. मेरी मॅकआर्थर नावाची कामगार पुढारी त्यांच्या मदतीला धावली. आणि बहुतेक कारखान्यांत मजुरी वाढली. आपला संघ तेव्हा इंग्लंडातच खेळत होता. कोणी खेळाडू हा मोर्चा बघायला गेला असेल-नसेल, पण मी या दोन गोष्टी एकत्र सांगते याला कारण आहे. त्या बाया कामात हुशार होत्या म्हणून मजुरी वाढली नाही. हुशार त्या आधीही होत्याच. काम थांबवलं, आणि एकीने थांबवलं, तेव्हा वाढली.

आता परत बाळूंकडे येऊ. मुंबईला परतल्यावर दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकर तेव्हा मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते. सत्काराच्या मानपत्रात त्यांचा हात होता असं सांगितलं जातं. शिकणाऱ्या दलित पोरांना केवढा आधार वाटला असेल! पण हिंदू जिमखान्याच्या कप्तानपदाचं काय? इंग्लंडात ११४ गडी घेतलेला माणूस, अनुभवाने सगळ्यांत मोठा. एक वर्ष गेलं, दोन गेली, कप्तान दुसराच. लोक मागणी करत राहिले, पदाधिकारी मान हलवत राहिले. गोलंदाजी कर, सामना जिंकून दे, पण माणसं कुठे उभी करायची ते आम्ही सांगू. हे असं नऊ वर्षं चाललं.

बाळूंना एकूण तीन भाऊ. गणपत, शिवराम आणि सगळ्यांत धाकटा विठ्ठल. विठ्ठल मोठा फलंदाज झाला. १९२० साली कप्तानपदाची पुन्हा वेळ आली, पुन्हा डावललं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतलं आणि त्याचं कारण उघडपणे छापून आणलं. जातीमुळे आमच्यावर अन्याय होतो आहे, आम्ही खेळणार नाही. लक्षात घ्या, हे दोघं चांगले खेळाडू होते, त्यांच्याशिवाय संघ लंगडा पडत होता. गावभर चर्चा झाली. जिमखान्याला नमतं घ्यावं लागलं. बाळूंना उपकप्तान केलं, भाऊ परत खेळायला आले. आणि १९२३ साली विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले. तीच स्पर्धा जिंकली. बाळू स्वतः कप्तान झाले नाहीत. त्यांचा हक्क धाकट्या भावाच्या वाट्याला आला. आपल्यातही असंच असतं. आईने झगडावं आणि फळ लेकीच्या पदरात पडावं.

मला या सबंध गोष्टीतून जे सांगायचंय ते इथे आहे. ११४ गडी घेऊन जे मिळालं नाही, ते दोघांनी न खेळण्याने मिळालं. आपल्याला लहानपणापासून शिकवतात, चांगलं काम करत राहा, कधी ना कधी किंमत होईल. बाई राबते, वाट बघते. सासूला एक दिवस कळेल, नवऱ्याला एक दिवस कळेल. हे "एक दिवस" म्हणजे बाळूंची नऊ वर्षं आहेत. गुण असावाच लागतो, त्याशिवाय मैदानात कोणी घेत नाही. पण गुणाने मैदानाचं दार उघडतं, पंगतीचं आणि खुर्चीचं उघडेलच असं नाही. त्यासाठी मागावं लागतं, आणि दिलं नाही तर एकीने हात आखडावा लागतो.

बाळू हे देवमाणूस होते असं मला म्हणायचं नाही. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी ते वेगळ्या बाजूला होते. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत ते काँग्रेसतर्फे खुद्द बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी हरले. आपल्यातल्या कित्येकींना ते पटणार नाही, मलाही पटत नाही. पण म्हणून त्या मातीच्या पेल्याचा अन्याय कमी होत नाही. अन्याय झालेला माणूस सगळ्या बाबतीत आपल्या मताचा असेल तरच त्याची बाजू घ्यायची, असं केलं तर कोणाचीच बाजू घेता येणार नाही.

आता पेल्याचं बोलते. गावागावात दलितांना वेगळा कप ठेवायची पद्धत आपल्यापैकी अनेकींनी डोळ्यांनी पाहिली आहे. त्याच्या शेजारी आणखी एक पेला ठेवा. पाळीच्या दिवसांतला. शेजारच्या गडचिरोलीत माडिया गोंडांच्या कितीतरी गावांत कुर्माघर आहे, गावाच्या कडेचं. पाळीत बाईने तिथे राहायचं. आदिवासींना नावं ठेवायची घाई नको. शहरातल्या शिकल्यासवरल्या घरातही "कावळा शिवला" म्हणून पोरीला कोपऱ्यात बसवतात, ताट-तांब्या वेगळा देतात, लोणच्याला हात लावू देत नाहीत. हे दोन विटाळ सारखे आहेत असं मी म्हणत नाही. पाळीचा चार दिवसांनी फिटतो, जातीचा मेल्यावरही फिटत नाही, स्मशानसुद्धा वेगळं असतं. आणि दलित बाईला दोन्ही सोसावे लागतात. पण दोन्हीची रीत एक आहे. तुझ्या हाताचं काम चालतं, तुझं शिवणं चालत नाही. पाळीतली बाई शेतात निंदायला चालते, सरपणाची मोळी आणायला चालते. तिने वेचलेल्या कापसाला विटाळ नाही. माठाला आहे!

याच दिवसांत पोरींचा खेळ सुटतो. सातवीपर्यंत पोरी मैदानावर दिसतात. आठवी-नववीत पाळी आली की अर्ध्या गळतात. शाळेत मुतारी धड नाही, पाणी नाही, कपडा बदलायला आडोसा नाही. घरी आई म्हणते, आता मोठी झाली, चड्डी घालून उड्या मारते का? मी एका गावात पाहिलं, मैदान गावाचं, पण संध्याकाळी चार वाजल्यापासून ते पोरांचं. पोरींनी विचारलं तर म्हणाले, तुम्ही सकाळी खेळा. सकाळी पोरींना पाणी भरायचं असतं, शेण काढायचं असतं, धाकट्याला आंघोळ घालायची असते. म्हणजे मैदानाला कुंपण नसतं, वेळेचंच कुंपण घालतात.

आपल्याकडे बायकांचं क्रिकेट कधी सुरू झालं? संघटना झाली १९७३ साली. पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली पुण्यात, जिथे बाळूंनी रोलर ओढला त्याच शहरात. संघ तीनच, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. १९७६ साली भारतीय बायका पहिली कसोटी खेळल्या. साध्या डब्यातून प्रवास, वसतिगृहात जमिनीवर पथारी, तेच बॅटपॅड तिघी-चौघींत मिळून. २००६ साली पुरुषांच्या मंडळाने बायकांचं क्रिकेट आपल्यात घेतलं. २०२२ साली एका सामन्याचं मानधन बाईला आणि पुरुषाला सारखं केलं. वर्षाच्या करारातला फरक मात्र तेव्हाही कोटींचा होता. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत आपल्या पोरींनी विश्वचषक जिंकला. रात्री गावागावात फटाके वाजले. छान झालं. पण फटाके वाजवणाऱ्यांना मी विचारते, उद्या सकाळी तुमच्या घरची पोर मैदानावर जाणार आहे का?

लांबचं कशाला? आपल्या या राजुरा-जिवती-कोरपना पट्ट्याकडे बघा. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची आदिवासी मुलं एव्हरेस्टवर चढली. त्यांत मनीषा धुर्वे ही मुलगी होती. डोंगर चढायला लागणारा दम तिच्याकडे आपल्याच मातीतून आला. मोहफुलं वेचत, तेंदूपत्ता तोडत, डोक्यावर पाणी वाहत आपल्या पोरींचे पाय घडतात. काटक पोरींची इथे वाण नाही. वाण आहे ती मोकळ्या वेळेची, पोटभर जेवणाची आणि घरच्यांच्या पाठिंब्याची.

मग आपण काय करायचं? फक्त भाषण ऐकून उठायचं नाही. काही गोष्टी आजच ठरवू.

एक. गावच्या मैदानाच्या वेळा लिहून लावायच्या. आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळी मैदान पोरींचं. हे महिला ग्रामसभेत ठरावाने करायचं. गावच्या ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घेणं बंधनकारक आहे, ती कागदावर होऊ द्यायची नाही.

दोन. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्याचा हिशेब मागायचा. त्यातून पोरींच्या खेळाचे कपडे, बूट, स्पर्धेला जायचं भाडं, शाळेत आडोसा आणि पाणी का होऊ नये?

तीन. खेळून आलेल्या पोरीला भावाइतकंच वाढायचं. हे ग्रामपंचायतीच्या हातात नाही, आपल्या हातात आहे. बाळूंना वेगळं ताट दिलं म्हणून आपल्याला राग येतो. घरात पोरीचं ताट वेगळं नसेल, पण भाकरी मोजून असेल, तर त्याचाही राग आला पाहिजे.

चार. पाळीच्या दिवसांत पोरीला खेळायचं की नाही हे ती ठरवेल. दुखत असेल तर बसेल. विटाळ म्हणून बसणार नाही. आणि ज्या घरात अजून वेगळा पेला आहे, मग तो जातीचा असो की पाळीचा, त्या घरी आपल्या संघटनेची बैठक होणार नाही आणि तिथला चहा आपण घेणार नाही.

शेवटचं पोरींना. तुम्ही तालुक्याला खेळायला जाल, जिल्ह्याला जाल. चांगलं खेळा. एक चढाई फसली तर रडू नका, १९११ चा संघ पंधरा सामने हरला होता. पण तुमच्यातल्या एकीला जातीवरून, वस्तीवरून, गोंड-कोलाम म्हणून कोणी वेगळं बसवलं, वेगळं वाढलं, तर बाकीच्या सहा जणींनी आपली ताटं उचलायची आणि तिच्या शेजारी जाऊन बसायचं. तरीही ऐकलं नाही तर सातही जणींनी मैदानाबाहेर उभं राहायचं. पुण्याच्या त्या क्लबात बाळू बाहेर मातीच्या पेल्यातून चहा पीत होते, तेव्हा आतल्या दहा जणांनी एवढं केलं असतं, तर नऊ वर्षं कप्तानपदासाठी आणि आयुष्यभर मानासाठी त्या माणसाला थांबावं लागलं नसतं.

एवढं बोलून मी थांबते. आता पहिल्या दोन मुद्द्यांवर ठराव लिहायला घेऊ. सह्या करता येतात त्यांनी सह्या करा, ज्यांना येत नाहीत त्यांनी अंगठे द्या, आणि पुढच्या मेळाव्याला येताना सही शिकून या.

जयभीम, जय सेवा!